दर्यापारचं गाऱ्हाणं

आते गेल्याचं मला दापोलीच्या स्टँडवर कळलं. मी एस. टी.त कंडक्टर आहे. रत्नागिरीहून गाडी घेऊन आम्ही नुकतेच पोचलो होतो, ड्रायव्हर चहा सांगायला गेला होता आणि मी तिकिटाचं मशीन गळ्यातून काढून मान मोकळी करत होते. तेवढ्यात फोन वाजला. लांबलचक परदेशी नंबर. स्टँडच्या गलक्यात काही ऐकू येईना म्हणून स्पीकर लावला, तर पलीकडून एक बाई म्हणाली, “ताय, मी रहेमा बोलतंय गो. आपली आते गेली... सकाळी च्या घेऊन गेले, हाक मारली, तर उठलीच नाय.” मी होते तिथेच सीटवर बसले. मागच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर टोपली सांभाळत बसली होती, तिने सगळं ऐकलं. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, “कुठल्या वाडीतून आला गो फोन?” मी म्हटलं, आजी, आफ्रिकेतून. मोंबासाहून. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुःखाने माझं डोकं फिरलंय. “काय तरीच! बोलत तर आपल्यातलीच होती.” परतीच्या फेरीत मी रडत होते आणि मध्येच मला हसूही येत होतं. सुट्टे पैसे परत द्यायला विसरले तरी त्या दिवशी एकही प्रवासी माझ्याशी भांडला नाही.

शालूआते माझ्या बाबांची धाकटी बहीण. आमच्या गावात ती लहानपणापासून एकाच गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. ती गाऱ्हाणं हुबेहूब घालायची. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शिमग्याला देवाची पालखी घरोघर येते. दारापुढच्या खळ्यात ती टेकवली, घरच्या बाईने ओटी भरली, की गावचा मानकरी देवापुढे उभा राहून त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. कोणाच्या पोरीचं लग्न जुळत नाही, कोणाचा गुडघा दुखतो, कोण पोटासाठी मुंबईला गेलाय... सगळं मोठ्याने, चारचौघांत. दर मागणीपाशी मानकरी थांबतो आणि जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” हे काम पुरुषांचं. पण आते परकऱ्या वयात गुरांकडे गेली की जांभ्याच्या धोंड्यावर उभी राहून तेच करायची आणि बरोबरीच्या पोरांना “व्हय म्हाराजा” म्हणायला लावायची. त्या वेळच्या मानकऱ्यांचा मुलगा धाकू तिच्याच वर्गात होता. त्याने घरी चुगली केली आणि आतेला आजोबांचा मार बसला. “मार खाल्ला ता खाल्ला,” ती पुढे सांगायची, “पण धाकूपेक्षा माझा आवाज लांब जायचा, ता कोनी बोलत नाय.”

लग्नानंतर ती लोट्याला राहायला गेली. आतोबा तिथे एका केमिकल कंपनीत पाळीवर होते. कंपनीची बस, रात्रपाळी, कपड्यांना येणारा वास, असा त्यांचा संसार चालला होता. मूल झालं नाही. मग आतोबांना मोंबासाच्या साबणाच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि दोघं केनियाला गेली. मी तेव्हा शाळेत होते. आतेची पहिली बातमी आली ती अशी: “इथे दर्या आहे, माड आहेत, आंबे आहेत, फणससुद्धा आहे. गुहागरलाच आल्यासारखं वाटतं. सुपारी तेवढी दिसत नाही.” सुपारीवाचून बाबांना जगणं माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांनी त्या देशाविषयी आपलं मत तिथल्या तिथे बनवून टाकलं. माझ्यासाठी तिचा खास निरोप असे. तिथल्या मटाटू नावाच्या गाड्यांचे कंडक्टर दाराला लोंबकळत ओरडतात. पुढे मी नोकरीला लागले तेव्हा ती म्हणाली, “बायो, तू आपली आत उभी ऱ्हा.”

पोरं तिच्याकडे आली ती घावण्यांमुळे. तिच्या मागच्या दाराशी बाजाराचा उकिरडा होता आणि त्यात रस्त्यावरची पोरं काहीबाही शोधत असत. तिथे त्यांना चोकोरा म्हणतात, म्हणजे कचरा चिवडणारी. कोणाचे आईबाप आजाराने गेलेले, कोणाला सावत्र बापाने हाकललेलं, कोणाला काही आठवतच नव्हतं. हातात बूट चिकटवायच्या गोंदाच्या बाटल्या, त्या हुंगायच्या, म्हणजे भूक कळत नाही. आते एका सकाळी घावणे घालत होती, वास गेला, एक पोर दाराशी येऊन उभं राहिलं. तिने त्याला घावणा आणि नारळाचा रस दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर अख्खी वाडी. आतोबा म्हणाले, “शालू, हा काय भंडारा मांडलायस?” आणि आठवडाभर कुरकुर करून त्यांनीच परसात पत्र्याची शेड घातली. ती शेड म्हणजे सुरुवात. पुढे तिथले काही शिक्षक, काही दुकानदार पुढे आले, रीतसर संस्था झाली, राहायची सोय झाली, वर्ग निघाले. वर्षानुवर्षं शाळेचं तोंड न पाहिलेल्या पोरांना आधी घरात शिकवून मग सरकारी शाळेत घालायचं, असा त्यांचा क्रम होता.

पण आतेच्या शाळेत मुळाक्षरांच्या आधी गाऱ्हाणं होतं. संध्याकाळी दिवा लागला की सगळी पोरं अंगणात गोल बसत आणि आते मध्ये उभी राहून एकेकाचं मागणं मोठ्याने घालत असे. ह्याच्या पायाची जखम भरू दे रे महाराजा. हिला पाढे येऊ देत रे महाराजा. निम्मं स्वाहिली, निम्मं आमच्या गावचं. पोरांत मुसलमान होती, ख्रिस्ती होती. कोणाच्या देवाला हाक मारायची ते ज्याचं त्याने मनात ठरवायचं, असा तिचा नियम होता. मी एकदा फोनवर तिला म्हटलं, अगो आते, ही पोरं जन्मभर मागतच आली, आणखी मागायला काय शिकवतेस? ती अशी तडकली की बास. “भीक येगळी नि गाऱ्हाणं येगळं, बायो. भीक एकट्यानं मागायची असते. गाऱ्हाण्यात तुझ्यासाठी बाकीचे ओरडतात.” आमच्या एस. टी.त सीटसाठी भांडणाऱ्या माणसांना हे कोणीतरी सांगायला हवं, एवढंच मनात आलं.

ह्या “व्हय म्हाराजा”ने एकदा मोठीच गंमत केली. शिक्षण खात्याचे कोणी साहेब शाळा बघायला आले आणि भाषणाला उभे राहिले. मुलांनी स्वच्छ राहिलं पाहिजे, म्हणून ते श्वास घ्यायला थांबले. पोरांना सवय एकच. मोठा माणूस उभा राहून बोलता बोलता थांबला की आपण काय म्हणायचं? सगळी एका आवाजात ओरडली, “व्हय म्हाराजा!” साहेब दचकले. मग म्हणाले, मन लावून शिकलं पाहिजे. “व्हय म्हाराजा!” आते कोपऱ्यात पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली. साहेबांना एवढा प्रतिसाद आयुष्यात कुठे मिळाला नसावा. त्यांना चेव आला, ते बोलतच सुटले, आणि त्या भरात शाळेला बाकं देण्याचं कबूल करून बसले. तेव्हाचा “व्हय म्हाराजा” म्हणे बंदरापर्यंत ऐकू गेला. बाकं खरंच आली. आते म्हणाली, “आपल्या देवापेक्षा लवकर पावला तो मानूस.”

रहेमाची गोष्ट मात्र ती हसत सांगत नसे. ही मुलगी बसस्टँडवर सापडली तेव्हा अजिबात बोलत नव्हती. नावही दुसऱ्याच कोणा पोराने सांगितलेलं. रोज संध्याकाळी आते तिच्यापाशी आली की म्हणायची, “ह्या बायला काय हवं ते हिचं हिला ठाऊक. ते हिला दे रे महाराजा.” आणि सगळी पोरं तिच्यासाठी ओरडायची. कित्येक महिने असं चाललं. एका संध्याकाळी आतेने तिच्यासाठी तोंड उघडलं, तर पोरगीच उभी राहिली आणि स्वाहिलीत म्हणाली, “जुमाचा खोकला थांबव. मला झोप येत नाही.” आतेला हुंदका आवरेना... आणि जुमा म्हणे फार चिडला. त्यानंतर रहेमा तिचा पदर सोडीना. मागे मागे फिरून ती आमची बोली शिकली, शिकून मास्तरीण झाली आणि गेली काही वर्षं ते घर तीच चालवते.

आतोबा तिथेच हृदयविकाराने गेले. त्यांच्या गावाला, गुहागरकडे, जवळचं कोणी उरलं नव्हतं. बाबांनी आतेला निरोप धाडला, आता परत ये. नुसता निरोप नाही, माणसं लावून मागच्या अंगाला एक खोली बांधली. जांभ्याचे चिरे, मोठी खिडकी, समोर पोफळी. “शालूची खोली.” आते आली, खोली बघून रडली, पंधरवडाभर राहिली आणि परत गेली. बाबा तेव्हापासून रुसले ते रुसलेच. माझे बाबा रुसतात ते भांडून नाही. ते नुसती सुपारी कातरतात. दर रविवारी आतेचा फोन यायचा. बाबा “हां... बरं... हां” एवढं म्हणून फोन आईकडे द्यायचे आणि ओटीवर पान-सुपारीचं तबक घेऊन बसायचे. आईला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावलेला. आते तासभर पोरांच्या बातम्या सांगायची, कोण पास झालं, कोणाला गोवर आला, नवीन कोण आलं. ओटीवरून अडकित्त्याची कटकट अखंड चालू. “ह्याला काय पडलेली नाय,” आई म्हणायची. मलाही तसंच वाटे.

आता मूळ गोष्टीवर येते. गावी आली की आते धाकूतात्यांना गाठायचीच. वडिलांमागे तेच गावचे मानकरी झाले होते. एकदा तिने त्यांना विचारलं, मी तिकडे गाऱ्हाणं घालते ते चालतं काय? तात्या गंभीर झाले. “शिवेपल्याड आपल्या देवाचा अधिकार नाय. तिथल्या राखणदाराला इचारलंस?” राखणदार म्हणजे जागेचं रक्षण करणारा. हिने परत जाऊन चौकशी केली. शाळेच्या मागे एक अगडबंब जुनं गोरखचिंचेचं झाड होतं. तिथले म्हातारे म्हणाले, असलाच कोणी तर ह्यात असेल. आतेने त्याला नारळ ठेवला, रीतसर परवानगी मागितली आणि आमच्या ग्रामदेवतेला त्याच्याकडे पाहुणी म्हणून बोलावलं. असा सगळा कारभार.

शेवटची ती दोन वर्षांमागे शिमग्याला आली. पालखी आमच्या खळ्यात टेकली. तात्यांनी गाऱ्हाणं सुरू करण्याआधी आते पुढे झाली आणि म्हणाली, “धाकू, माझ्या पोरांची नावं घे.” आमच्या घराच्या गाऱ्हाण्यात आतेचा उल्लेख आजोबांच्या वेळेपासून होता, “दर्यापार गेलेली ह्या घरची लेक, तिला सांभाळ रे म्हाराजा.” पण तिची पोरं? तात्या रागावले नाहीत. त्यांनी नीट समजावलं. “शालू, ज्याचं नाव घ्यायचं त्याचा भार घरावर येतो. मागणं पुरं झालं की नवस फेडायचा, वाकडं झालं तर देवापुढे जाब द्यायचा, ता घरानं. तुझ्या पोरांची नाती ह्या घराशी काय? तू हायस तवर तू बघशील. तुझ्यामागं भार कोन घेनार?” आतेने बाबांकडे बघितलं. बाबांनी पालखीकडे बघितलं. आते म्हणाली, “बरोबर हाय तुझं, धाकू,” आणि मागे सरली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याच गाडीने रत्नागिरीला आली. माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं होतं तिला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, आते, एवढं काय मनाला लावून घेतेस, संस्था आहे, रहेमा आहे, सगळं नीट चाललंय की. ती म्हणाली, “जेवनखान, शाळा, सगळं होईल गो. पन ती कुनाची तरी असायला नको? कुठंतरी एखाद्या घरात त्यांचं नाव घेतलं जायला नको?” मग मी तिला, बरीच वर्षं मनात असलेलं, विचारलं. सगळी पोरं तुला आते का म्हणतात? आई का नाही? ती हसली. “आई प्रत्येकाला होती. असंल कुठंतरी, नायतर मेली असंल. तिची जागा मी कशी घेऊ? आतेची जागा रिकामी असते, तिथं बसलं तर कुनाचं काय जात नाय.” रत्नागिरीहून तिची मुंबईची गाडी सुटली तेव्हा तिने खिडकीतून हात हलवला. तिला मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं.

ती माघात गेली. पोरांनी खांदा दिला, तिथेच तिला अग्नी दिला. रहेमाने मला सगळं सांगितलं, पण ते इथे लिहवत नाही. लग्न झालेल्या लेकीचं सुतक माहेराला तीनच दिवसांचं, त्यामुळे यंदाच्या शिमग्याला पालखी घरी यायला अडचण नव्हती. मी रजा टाकून गावी गेले. भर दुपारी ढोल वाजवत पालखी आली, आईने ओटी भरली, ढोल थांबले. तात्यांचा आवाज आता जरा कापतो. “बा देवा म्हाराजा... ह्या घरावर तुझी छाया ठेव...” “व्हय म्हाराजा!” “कोन पोटासाठी मुंबईला गेला असंल, त्याला सुखी ठेव...” “व्हय म्हाराजा!” आणि मग सवयीने, तोंडात बसलेलं ते आपोआप बाहेर पडलं, “दर्यापार गेलेली ह्या घरची लेक, तिला...”

तिथे ते अडकले. गाऱ्हाण्यात मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. कोणी “व्हय” म्हणेना, कोणी हलेना. तात्या डोळे मिटून नुसते उभे. इतकी वर्षं तिच्याशी स्पर्धा केलेला तो म्हातारा, त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. तेव्हा माझे बाबा ओटीवरून उठले आणि पायऱ्या उतरून खळ्यात आले.

“थांबू नको, धाकू. लेक गेली. तिची पोरं हायत. म्हन.”

तात्यांनी डोळे उघडले. “भाऊ, तुला ठावं हाय ना? ह्या घराशी नातं...”

“ती तिला काय म्हनतात?”

“आते म्हनतात.”

“मग आतेचा भाऊ पोरांचा कोन लागतो?”

तात्या बघतच राहिले. मीही. जन्मभर आते, आते म्हणत आले आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. तात्या हळूच म्हणाले, “बाप.”

“मग भार माझा. माझ्यामागं हिचा.” बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मला विचारलंबिचारलं नाही, आणि मी मान कधी हलवली ते मलाही कळलं नाही.

“नावं?” तात्यांनी विचारलं. मी रहेमाला विचारायला घाईघाईने फोन काढला. पण बाबा बोलायला लागले होते. रहेमा. जुमा. बराका. काडझो. झवादी, तिला दम्याचा त्रास हाय. कटाना, त्याची यंदा परीक्षा. फुराहा, ती धाकटी, अजून अंथरूण ओलं करते... एकामागून एक, न अडखळता, आमच्या गावच्या हेलात, प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाची अडचण. आई तोंडावर हात ठेवून ऐकत होती. इतक्या वर्षांच्या रविवारांत त्या अडकित्त्याच्या कटकटीआडून त्यांनी एक शब्द सांडू दिला नव्हता. तात्या प्रत्येक नाव त्यांच्यामागून म्हणत गेले, काही धड, काही वेडंवाकडं, आणि दर नावाला सगळा गाव ओरडला. आमच्या गावात कोणी कधी न पाहिलेल्या त्या लेकरांसाठी, घसा फुटेपर्यंत.

संध्याकाळी मी रहेमाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मला वाटलं, पहिल्यासारखी मुकी झाली की काय. मग म्हणाली, “कटानाचं अंमळ जोरात म्हनलं ना? त्याचं गणित कच्चं हाय.” मी म्हटलं, सगळ्यात जोरात त्याचंच.

शालूची खोली आता बाबांनी उघडी ठेवली आहे. रोज झाडतात. कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणतात. रविवारचा फोन चालू आहे, आता रहेमाचा येतो. मी गावी असले की मुद्दाम ओटीवर जाऊन बसते. फोन वाजला की बाबा अडकित्ता खाली ठेवतात, तबक बाजूला सारतात आणि आईच्या आधी स्वतः फोन घेतात. सगळ्यांचं ऐकून झालं की शेवटी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो.

“नवीन कोन आलंय काय गो?”